भाग एकोणीस

जुबैलच्या कॅम्पात, खोली नंबर एकशे चौदात,
जिवा नकाशे आला तो कुळथाच्या पिठातून.
इम्तियाज परकार दापोलीहून सुट्टी संपवून परतला,
पिठाच्या पिशवीत पाच पुस्तकं.
कस्टमवाल्याने नुसती हुंगली आणि सोडली.

नाव नकाशे, आणि कुठल्याच नकाशात नाही.
फोन नाही, बँक नाही, सातबाऱ्यावर नाव नाही,
एका गावात दोनदा झोपत नाही.
माणूस मारायचाच असेल
तर आधी त्याच्या हातचा चहा पितो.

आणि आम्ही?
दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळं,
इकामा, गेटपास, हेल्मेटवर नंबर,
डाळीच्या वाटीलाही कूपन.
मी टाइमकीपर. ही सगळी नोंद माझ्याकडे.

प्रत एक, वाचक एकवीस.
कुणाला दम निघेना, तेव्हा सदा पेज्यांनी
ग्राइंडरच्या पात्याने पुस्तकाचे चार तुकडे केले.
शेवटचा तुकडा ज्याच्या हाती आधी येई
त्याला खुनी कळे, खून कळत नसे.
तो बिचारा पहाटेच्या बसमध्ये ओठ शिवून बसायचा
आणि बाकीचे त्याचा चेहरा वाचायचे.

भांडणं तर विचारूच नका.
नकाशे डावखुरा आहे की नाही
यावरून दोन फिटर आठवडाभर अबोल.
भाग सातमध्ये बहिणीचं लग्न तो
उसाच्या फडात उभा राहून लांबून बघतो,
त्या पानावर बोटं फिरून फिरून
शाई पुसट झालेली.
आम्हीही बघितली होती लग्नं, फोनवर,
मधूनमधून अडकणारी.

शटडाऊनचं काम, टाकीच्या पोटात वेल्डिंग.
तीन महिन्यांचा पगार कंपनीच्या पोटात.
निवास घोरपडे काच वर करून म्हणायचा,
'नकाशे असता तर पलीकडून कापून गेला असता.'
आम्ही हसायचो.

मग एका शुक्रवारी निवास नाही.
पलंगाखाली बूट, खिळ्याला गेटपास,
आणि भाग एकोणीस गायब,
जो अजून कुणी उघडलाही नव्हता.

काय रात्र होती ती! खोलीत सणच.
'गेला रे! नकाशे झाला!'
कुणी म्हणे दम्माम, कुणी म्हणे
तारूतच्या कोळ्यांच्या होडीत दडलाय.
इम्तियाजने शिरा केला, तूप सांडेपर्यंत.
मीही दोनदा घेतला,
आणि मला ठाऊक होतं सकाळी
कुठला फॉर्म भरायचाय : हुरूब. फरार.

दोन दिवस त्याच्या नावापुढे मी 'आजारी' लिहिलं.
तिसऱ्या दिवशी भरला.
एवढीच माझी डेअरिंग.
सही मात्र सुरेख आली.

चार महिन्यांनी नाक्यावरच्या बकाल्यात
कुंजाप्पूने तांदळाच्या पोत्यामागून
एक पुडकं काढून माझ्यापुढे सरकवलं.
भाग एकोणीस. डिझेलचा वास,
आणि पान एकशे बारावर पेन्सिलीने :
'हा माणूस खोटा आहे.
एकोणीस भागांत याची दाढ
एकदाही दुखली नाही.'

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग सदा म्हणाला, चारमध्ये दुखली होती की.
तो खांदा. खांदा नाही, दाढच!
ट्रंका उघडल्या, सगळे तुकडे काढले,
रात्री एकपर्यंत एकवीस माणसं
जिवा नकाशेची दाढ शोधत होती.
सापडली नाही.

भाग वीस आला तो कुणी कापला नाही.
न वाचताच द्यायचा ठरलं
(खोटं कशाला, मी वाचला, संडासात बसून, एका रात्रीत)
आणि पोत्यामागे ठेवला.
आत गोळ्यांची पट्टी, कागदात सात लवंगा,
आणि इम्तियाजच्या वाकड्या अक्षरात चिठ्ठी :
'जेवणानंतर घे, कोमट पाण्याबरोबर.
वाचून झाल्यावर परत ठेव.
शेवट सांगू नको.'